जाहिरातखोर आज्ञावलींचे उच्चाटन व प्रतिबंध : जामखेडच्या दाखल्यासह एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयप्रवेश

वैयक्तिक संगणकाच्या इतिहासात विषाणूंना जेवढे स्थान मिळाले तेवढे ॲडवेअरला मिळालेले नाही. ह्याचे कारण उघड आहे. विषाणू नाश करतो. तो फायली पुसतो, यंत्र बंद पाडतो आणि म्हणूनच त्याची वार्ता होते. ॲडवेअर सहसा तसे करीत नाही. यंत्र चालू राहण्यातच त्याचा लाभ असतो. ब्राउझर उघडताच भलतेच मुखपृष्ठ समोर येते. शोध एका ठिकाणी घ्यावा तर उत्तरे दुसऱ्याच ठिकाणाहून येतात. पडद्याच्या कोपऱ्यात 'आपल्या संगणकात विषाणू आढळले' अशा खोट्या सूचना झळकू लागतात आणि यंत्र दिवसेंदिवस मंद होत जाते. मालक कुरकुरतो, दोन चौकटी बंद करतो आणि पुन्हा कामास लागतो. सोसण्याजोगा असल्यामुळेच हा उपद्रव दीर्घकाळ टिकून राहिला आहे.

जाहिराती दाखवून किंवा वापरणाऱ्यास जाहिरातीकडे वळवून द्रव्य मिळविणे हा ज्याचा हेतू असतो, आणि जे वापरणाऱ्याच्या जाणत्या संमतीवाचून संगणकात ठाण मांडून बसते, ते ॲडवेअर होय. मराठीत त्यास 'जाहिरातखोर आज्ञावली' असे म्हणता येईल. ह्या व्याख्येतील 'जाणती संमती' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ॲडवेअर पुष्कळदा संमती घेऊनच आत येते. मात्र ती संमती देणाऱ्यास आपण कशास होकार दिला हे कळलेले नसते.

ह्यातून इतिहासाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. ॲडवेअर काढून टाकण्याची साधने, आणि त्यांतील बरीचशी विनामूल्य, पंचवीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहेत. तरीही हा उपद्रव नाहीसा का झाला नाही? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी आधार म्हणून, संगणकाशी वरवर पाहता ज्याचा काहीही संबंध नाही असा, जामखेडचा एक दाखला घेतला आहे. तो का घेतला, हे पुढील विवेचनात स्पष्ट होईल.

२. जामखेडचा दाखला

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) दक्षिण टोकास असलेला जामखेड तालुका इतिहासाच्या वाचकास दोन कारणांनी परिचित आहे. अहिल्याबाई होळकरांचे जन्मग्राम चौंडी ह्याच तालुक्यात आहे, आणि १७९५ साली मराठे व निजाम ह्यांच्यात जी लढाई झाली ते खर्डेही ह्याच तालुक्यातले. तथापि विसाव्या शतकात ह्या अवर्षणप्रवण तालुक्याचे नाव जगभर गेले ते आरोग्याच्या एका प्रयोगामुळे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९६० च्या दशकात ह्याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले होते. तेथे त्यांना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून आली. रुग्णालयात येणारे बरेचसे आजार टाळता येण्याजोगे होते, आणि बरा होऊन घरी गेलेला रोगी काही काळाने तोच आजार घेऊन परत येत होता. औषधाने रोग हटत होता. परंतु ज्या पाण्याने, ज्या अन्नाभावाने आणि ज्या समजुतींनी तो जडला होता त्या जागच्या जागीच होत्या. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे दांपत्य परतले आणि १९७० साली त्यांनी जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पास प्रारंभ केला.

ह्या प्रकल्पाचा कणा म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविका होत. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याचा प्रथमचा प्रयत्न फारसा साधला नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर आणि पुष्कळदा उपेक्षित जातींतील स्त्रियांना जामखेड येथे शिक्षण देण्याचा मार्ग अनुसरण्यात आला. अतिसार झालेल्या मुलास मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, पाणी कोठले प्यावे, गरोदर स्त्रीची काळजी कशी घ्यावी हे ज्ञान डॉक्टरांच्या टेबलावरून उठून घराच्या उंबरठ्यापर्यंत गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्या प्रयोगाचे वर्णन समाविष्ट झाले आणि १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ह्या प्रयोगाचा आपल्या विषयाशी संबंध एवढाच की, उपचार आणि प्रतिबंध ह्यांतील अंतर त्याने स्पष्ट करून दाखविले. जो रोग माणसाच्या रोजच्या कृतीतून आत येतो तो केवळ तज्ज्ञाच्या हातून जात नाही. ती कृती करणाऱ्याच्या हाती ज्ञान यावे लागते. ॲडवेअरचा इतिहास ह्या दृष्टीने पाहिला असता त्यातील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

३. उघड जाहिरातीकडून छुप्या जाहिरातीकडे

ॲडवेअरचे मूळ एका प्रामाणिक व्यवहारात आहे. १९८२ च्या सुमारास अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन आणि जिम नॉफ ह्या दोघा आज्ञावलीकारांनी, आपली आज्ञावली आधी वापरून पाहावी आणि आवडल्यास पैसे पाठवावेत, अशी पद्धत सुरू केली. हीच पुढे 'शेअरवेअर' नावाने रूढ झाली. पैसे पाठविणारे थोडे आणि वापरणारे पुष्कळ, अशी तिची स्थिती होती. इंटरनेट घरोघरी पोचल्यावर ह्या तुटीवर एक उपाय सुचला. वापरणाऱ्याने पैसे द्यावयाचे नसतील तर त्याने जाहिरात पाहावी. ऑपेरा हा ब्राउझर २००० च्या अखेरीपासून २००५ पर्यंत अशाच रीतीने विनामूल्य मिळत असे. जाहिरातीची पट्टी डोळ्यांसमोर असे, आणि ती नको असल्यास पैसे भरून काढता येई. ह्या व्यवहारात फसवणूक नव्हती.

परंतु उघड पट्टीपेक्षा छुपी टेहळणी अधिक द्रव्य देते, हे लवकरच ध्यानात आले. २००० साली स्टीव्ह गिब्सन ह्या अमेरिकन तज्ज्ञास आपल्याच संगणकात ऑरिएट नावाच्या जाहिरात कंपनीची आज्ञावली आढळली. दुसऱ्याच एका विनामूल्य सॉफ्टवेअरच्या सोबतीने ती आली होती. ती काढून टाकण्यासाठी त्याने 'ऑप्टआउट' हे छोटे साधन लिहिले. अशा आज्ञावलींच्या उच्चाटनाची ही आरंभीची पायरी म्हणावी लागेल.

ह्याच काळात १९९८ साली स्थापन झालेल्या गेटर कंपनीचा उदय झाला. तिची आज्ञावली परवलीचे शब्द लक्षात ठेवण्याची सोय देई आणि त्याबरोबर वापरणाऱ्याच्या भ्रमंतीवर नजर ठेवून इतरांच्या संकेतस्थळांवर आपल्या जाहिराती उघडी. २००२ साली अमेरिकेतील वृत्तपत्रांच्या प्रकाशकांनी तिच्यावर दावा गुदरला. २००३ च्या प्रारंभी तो समझोत्याने मिटला. त्याच वर्षी कंपनीने क्लॅरिया हे नवे नाव धारण केले आणि २००६ साली ती ह्या व्यवसायातून बाहेर पडली. गाणी व चित्रपट ह्यांची देवाणघेवाण करणाऱ्या काझा ह्या प्रसिद्ध आज्ञावलीबरोबरही अशीच जाहिरातखोर मंडळी आत येत.

ह्या सर्वांचा प्रवेश एकाच दाराने होई. आज्ञावली स्थापित करताना एकामागून एक चौकटी येतात. प्रत्येकीत 'पुढे' असे बटण असते, आणि त्याच्या शेजारी आधीच खूण केलेला एखादा लहानसा चौकोन असतो. दीर्घ करारनामा कोणी वाचीत नाही. खूण न काढता 'पुढे' दाबले की संमती पूर्ण होते. कुलूप फोडण्याची गरज चोरास पडतच नाही. घरधनीच दार उघडतो.

४. उच्चाटनाची साधने आणि त्यांवरील आघात

उपद्रव वाढला तशी साधनेही वाढली. १९९९ साली लाव्हासॉफ्टचे 'ॲड-अवेअर' आणि २००० साली जर्मनीतील पॅट्रिक कोला ह्याचे 'स्पायबॉट' प्रसिद्ध झाले. नेदरलँड्समधील मेरायन बेलेकोम ह्या विद्यार्थ्याने 'हायजॅकधिस' हे साधन लिहिले. ते स्वतः काही ठरवीत नसे. संगणक सुरू होताना आणि ब्राउझर उघडताना काय काय चालू होते ह्याची यादी ते समोर मांडी आणि निर्णय माणसावर सोडी. ब्राउझरच्या आत आपोआप उघडणाऱ्या चौकटी रोखण्याची सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीच्या ऑगस्ट २००४ मधील दुसऱ्या सुधारणा-संचात दिली. 'ॲडब्ल्यूक्लीनर' हे केवळ ह्याच जातीच्या आज्ञावलींसाठी लिहिलेले साधन २०११ साली निघाले आणि २०१६ साली ते मालवेअरबाइट्स कंपनीकडे गेले.

ह्या साधनांपुढे दोन अडचणी उभ्या राहिल्या. पहिली कायद्याची. आपल्या आज्ञावलीस 'उपद्रवी' म्हणून काढून टाकल्याने धंदा बुडतो, अशी तक्रार जाहिरातखोर कंपन्या करू लागल्या. वापरणाऱ्याने संमती दिली आहे, मग ती मोडणारे तुम्ही कोण, असा त्यांचा युक्तिवाद असे. झँगो ह्या कंपनीने कॅस्परस्कीविरुद्ध असाच दावा केला होता. २००९ साली अमेरिकेतील नवव्या विभागीय अपील न्यायालयाने तो कॅस्परस्कीच्या बाजूने निकालात काढला आणि उच्चाटन करणाऱ्यांस संरक्षण मिळाले. त्याआधी २००६ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत ह्याच झँगोला ३० लक्ष डॉलर द्यावे लागले होते. तथापि दाव्यांच्या भीतीने साधनकारांच्या भाषेत एक सावधपणा आला आणि तो आजही दिसतो. ॲडवेअर आढळल्यास ते त्यास सरळ 'उपद्रवी' न म्हणता 'संभाव्यतः नको असलेली आज्ञावली' म्हणतात. वाचणाऱ्यास हे काढावे की ठेवावे असा संभ्रम पडतो आणि कित्येकदा तो ते तसेच ठेवतो.

दुसरी अडचण अधिक गंभीर होती. औषधाच्याच बाटलीतून विष विकले जाऊ लागले. 'विनफिक्सर' नावाची आज्ञावली संगणक तपासल्याचा देखावा करी, नसलेले दोष दाखवी आणि ते दूर करण्यासाठी पैसे मागी. तिच्यामागील मंडळींविरुद्ध संघीय व्यापार आयोगाने २००८ साली न्यायालयात धाव घेतली. ती गेली, पण तिची युक्ती गेली नाही. आजही घाबरलेला मनुष्य शोधयंत्रात 'ॲडवेअर काढण्याचे साधन' असे लिहितो आणि वरचेवर दिसणाऱ्या पहिल्याच जाहिरातीवर बोट ठेवून नवे ॲडवेअर घरी आणतो.

पुढे विश्वासाची ठिकाणेही निखळ राहिली नाहीत. विनामूल्य सॉफ्टवेअरचे प्रख्यात भांडार असलेल्या डाउनलोड डॉट कॉमने २०११ साली मूळ आज्ञावलीभोवती स्वतःचे वेष्टन गुंडाळून त्यात टूलबार घालण्यास प्रारंभ केला. तेव्हा एनमॅपचे कर्ते गॉर्डन लायन ह्यांनी त्यास जाहीर विरोध केला. सोर्सफोर्ज ह्या भांडाराने २०१३ पासून तीच वाट धरली, आणि मालकी बदलल्यावर २०१६ साली ती सोडली. लेनोव्हो कंपनीच्या काही लॅपटॉपांत तर सुपरफिश हे ॲडवेअर कारखान्यातूनच घातलेले होते. ते ब्राउझर आणि संकेतस्थळ ह्यांमधील सुरक्षित संभाषणाच्या मध्ये शिरून जाहिराती घुसडी. फेब्रुवारी २०१५ मध्ये हा प्रकार उजेडात आला.

५. भारत आणि महाराष्ट्र

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून खुले झाले. महाराष्ट्रात संगणक-साक्षरतेचा प्रसार तालुक्याच्या गावापर्यंत नेण्यात २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा आणि त्याच्या एम.एस.-सी.आय.टी. ह्या अभ्यासक्रमाचा वाटा मोठा आहे. ह्या शिक्षणाने हजारो तरुणतरुणींचा हात कळफलकावर बसला. उच्चाटनाच्या साधनांतही महाराष्ट्र मागे नव्हता. मूळ रहिमतपूरचे कैलास काटकर ह्यांचे पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीचे दुकान होते. त्यांचे बंधू संजय काटकर ह्यांनी संगणकातील विषाणू काढण्याच्या आज्ञावली लिहिल्या, आणि त्यातूनच १९९० च्या दशकाच्या मध्यास 'क्विक हील' हे उत्पादन निर्माण झाले. दुरुस्तीच्या टेबलावर येणारे यंत्र पुनःपुन्हा त्याच रोगाने येते, हा अनुभव त्या उत्पादनाच्या मुळाशी होता. वडाळ्याच्या रुग्णालयातील अनुभवाशी त्याचे साम्य सहज लक्षात येण्यासारखे आहे.

कायद्याची वाटचाल मात्र उद्बोधक आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ अन्वये, मालकाच्या परवानगीवाचून संगणकात 'दूषक' किंवा विषाणू शिरविणारा नुकसानभरपाईस पात्र ठरतो. आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर, हे कृत्य अप्रामाणिकपणे केले असल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लक्ष रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. परंतु येथे सर्व भार 'परवानगीवाचून' ह्या एका शब्दावर पडतो, आणि ॲडवेअर तर परवानगीचा कागद हाती घेऊनच येते. ही उणीव अंशतः भरून निघण्यास २०२३ साल उजाडावे लागले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकास चकविणाऱ्या १३ क्लृप्त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. खोटा विषाणू दाखवून उपद्रवी साधन गळ्यात बांधणे आणि जाहिरातीस अन्य मजकुराचे रूप देणे ह्या दोन्ही क्लृप्त्या त्यांत मोडतात. संमती आहे की नाही एवढेच न पाहता ती कशी मिळविली हेही पाहावे, ही दृष्टी येथे प्रथमच स्पष्टपणे आली.

जून २०१७ मध्ये चेक पॉइंट ह्या संस्थेने 'फायरबॉल' नावाच्या ॲडवेअरविषयी अहवाल प्रसिद्ध केला. जगात सुमारे २५ कोटी संगणक ह्याने ग्रासले असून त्यांतील अडीच कोटींहून अधिक भारतातील आहेत, असा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगविलेला असल्याचे म्हटले. आकड्याचा वाद बाजूस ठेवला तरी, विनामूल्य आज्ञावलींच्या सोबतीने येणाऱ्या ह्या प्रकाराच्या यादीत भारताचे नाव पहिले होते ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. त्याच वर्षी २१ फेब्रुवारीस केंद्र शासनाच्या सर्ट-इन ह्या यंत्रणेने 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू करून संगणकाच्या शुद्धीची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली होती. साधनांचा तुटवडा होता असे म्हणण्यास म्हणून फारशी जागा राहत नाही.

तालुक्याच्या गावी हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथील संगणक नावाने वैयक्तिक असला तरी वापराने सार्वजनिक असतो. जामखेडसारख्या ठिकाणच्या सेवा केंद्रात एकाच यंत्रावर दिवसभरात सातबारा उतारा निघतो, पीक विम्याचा अर्ज भरला जातो, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती नोंदविली जाते आणि आधारपत्र व बँकेचे पासबुक ह्यांच्या प्रती घेतल्या जातात. कळफलकावर चालकाचा हात असतो. परंतु माहिती असते समोर बाकावर बसलेल्या शेतकऱ्याची. पडदा त्याच्याकडे पाठ करून असतो. चालकाने सकाळी घाईत 'पुढे' दाबून जी संमती दिली, तिची झळ दुपारी आलेल्या ह्या मनुष्यास पोचू शकते, आणि ती कोठून आली हे त्यास कधीही कळत नाही. ॲडवेअर म्हणजे केवळ त्रासदायक जाहिरात नव्हे, हे म्हणण्याचे मुख्य कारण येथे आहे.

६. उच्चाटनाचा क्रम

उच्चाटन करताना प्रथम साधन न शोधता प्रथम लक्षण पाहावे. उपद्रव एकाच ब्राउझरमध्ये आहे की सर्वांत, ब्राउझर बंद असतानाही जाहिराती दिसतात काय, ह्यावरून त्याचे ठिकाण कळते.

कोपऱ्यात येणाऱ्या सूचना पुष्कळदा ॲडवेअरच्या नसतातच. २०१५ पासून संकेतस्थळांना ब्राउझरमार्फत सूचना पाठविण्याची सोय झाली. 'आपण यंत्रमानव नाही हे दाखविण्यासाठी परवानगी द्या' असे सांगून ती परवानगी लुबाडली जाते. अशा वेळी ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन सूचनांची परवानगी असलेल्या संकेतस्थळांची यादी काढावी आणि अनोळखी नावे काढून टाकावीत. काहीही स्थापित न करता अर्धा त्रास येथेच संपतो.

त्यानंतर ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन तपासावीत. जे आपण जाणूनबुजून घेतले नाही ते काढावे. पूर्वी चांगले होते म्हणून आजही चांगलेच असेल असे मानू नये; जानेवारी २०१४ मध्ये क्रोमची दोन लोकप्रिय एक्स्टेन्शन विकली जाऊन नव्या मालकांच्या हाती जाहिरातखोर बनल्याचे आढळले होते. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये स्थापित ॲप्सची यादी दिनांकानुसार लावावी आणि त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या सुमारास आलेली अनोळखी नावे काढावीत. मुखपृष्ठ व शोधयंत्र पूर्ववत् करावे. डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या शॉर्टकटचे गुणधर्म पाहावेत, कारण त्यातील पत्त्याच्या शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव चिकटवलेले असते आणि म्हणून सर्व काही काढूनही तेच पान पुन्हा उघडते.

एवढ्यावरही उपद्रव परतला तर त्याचे बीज खोल आहे असे समजावे. यंत्र सुरू होताना चालणाऱ्या आज्ञावली, टास्क शेड्यूलरमधील नियोजित कामे आणि प्रॉक्सीची नोंद ही तीन ठिकाणे त्यासाठी पाहावीत. ह्यानंतर विंडोज डिफेंडरने पूर्ण तपासणी करावी आणि ॲडब्ल्यूक्लीनरसारखे साधन घ्यावयाचे असल्यास ते निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घ्यावे. दोन-तीन विषाणुरोधक एकाच वेळी बसविल्याने ते परस्परांच्या आड येतात. लाभ काही होत नाही. इतके करूनही यश न आल्यास महत्त्वाच्या फायली अन्यत्र उतरवून घ्याव्यात आणि विंडोज नव्याने बसवावी. शेवटी परवलीचे सर्व शब्द दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. ही अखेरची पायरी बहुतेक जण गाळतात.

७. प्रतिबंधाचा विचार

प्रतिबंधाचे नियम थोडे आहेत. आज्ञावली तिच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावी. शोधयंत्रात सर्वांत वर येणारी 'प्रायोजित' ओळ वगळून पत्ता नीट वाचावा. स्थापनेच्या वेळी 'शीघ्र' पर्याय सोडून 'कस्टम' पर्याय निवडावा, म्हणजे आधीच खुणा केलेले चौकोन दिसतात. पैसे देऊन घ्यावयाच्या सॉफ्टवेअरची अनधिकृत प्रत फुकट मिळत असेल, तर तिची किंमत अन्य रीतीने वसूल होणार हे जाणून असावे. रोजचे काम प्रशासकाच्या खात्यातून न करता साध्या खात्यातून करावे; मग नवे काही बसविताना यंत्र परवलीचा शब्द विचारते आणि घाईत असलेला हात क्षणभर थांबतो. ब्राउझर व विंडोज अद्ययावत ठेवावेत. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हे जुनी यंत्रे वापरणाऱ्या केंद्रांनी विशेष ध्यानात घ्यावे. जाहिराती अडविणारे विश्वासू एक्स्टेन्शन जोडल्यास फसव्या 'डाउनलोड' बटणांपैकी बरीचशी दिसतच नाहीत.

हे नियम कळण्यास कठीण नाहीत. प्रश्न ते कोणास कळतात हा आहे. आज तालुक्याच्या गावी ते दुरुस्ती करणाऱ्या कारागिरास ठाऊक असतात. तो यंत्र स्वच्छ करून देतो, मोबदला घेतो आणि जातो. काय आढळले, ते कोठून आले, कोणते बटण दाबल्याने आले हे तो सांगत नाही व चालकही विचारीत नाही. दोन महिन्यांनी यंत्र पुन्हा त्याच्या टेबलावर येते. कारागिराचा ह्यात दोष काढण्याचे कारण नाही. त्यास पैसे मिळतात ते दुरुस्तीचे, शिकवणुकीचे नव्हेत. १९६० च्या दशकातील रुग्णालयाचीही हीच स्थिती होती.

८. समारोप

आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. उच्चाटनाची साधने असूनही ॲडवेअर टिकले, कारण काढणारा एक आणि आत घेणारा दुसरा अशी वाटणी ह्या इतिहासात सातत्याने राहिली. साधने सुधारत गेली, न्यायालयांनी व आयोगांनी काही कंपन्यांस अटकाव केला, कायद्यानेही उशिरा का होईना संमतीच्या रीतीकडे लक्ष दिले. परंतु चौकटीसमोर बसलेल्या मनुष्यास ती चौकट वाचावयास शिकविण्याचे काम मात्र ह्यांपैकी कोणीही मनावर घेतल्याचे दिसत नाही.

जामखेडच्या आरोग्यसेविकेस औषधशास्त्र येत नव्हते. पण कोणत्या विहिरीचे पाणी पिऊ नये हे ती शेजारणीस सांगू शकत होती; आणि ती गावचीच असल्यामुळे शेजारीण तिचे ऐकत होती. प्रत्येक सेवा केंद्रातील एका चालकास, प्रत्येक शाळेतील एका शिक्षकास आणि प्रत्येक घरातील एका मुलास वरील आठ-दहा गोष्टी नीट समजल्या आणि त्याने त्या दुसऱ्यास सांगितल्या, तर त्यासाठी नव्या साधनाची आवश्यकता नाही. हे काम करण्यास कोणाची परवानगी लागत नाही आणि खर्चही नाही. केंद्रातील पडदा शेतकऱ्याकडे वळवून, 'बाबा, हे असे लिहिले आहे, मी होकार देऊ का?' एवढे विचारण्यापासून त्याचा आरंभ करता येईल.